मधुमेह-औषधांचे दुष्परिणाम व कायदेशीर दाद

मधुमेहावरील औषधाच्या सेवनाने शारीरिक अपाय झालेल्या रुग्णास, अथवा त्याच्या मृत्यूनंतर वारसांस, नुकसानभरपाई मिळविण्यासाठी आणि दोषी व्यक्तीस वा संस्थेस जबाबदार धरण्यासाठी उपलब्ध असलेल्या वैधानिक उपायांचा विकास. मधुमेह हा प्रायः आयुष्यभराचा विकार असल्यामुळे त्यावरील औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. त्यामुळे अल्पकालीन चाचण्यांत न आढळलेले दुष्परिणाम पुष्कळदा औषध सर्वत्र रूढ झाल्यानंतरच लक्षात येतात. शिवाय मूत्रपिंड, हृदय, डोळे व मज्जातंतू यांना मधुमेहामुळेच इजा पोहोचत असल्याने, झालेला अपाय रोगाचा की औषधाचा, हा प्रश्न न्यायालयापुढे नेहमीच उभा राहतो. भारतातील कायद्याचा या बाबतीतील प्रवास तीन टप्प्यांत झालेला दिसतो : प्रथम औषधाच्या शुद्धतेची हमी, नंतर घातक औषधावर बंदी आणि सर्वांत शेवटी अपाय झालेल्या रुग्णाचा हक्क. या प्रवासाचा आढावा प्रस्तुत नोंदीत घेतला असून त्याचे जिल्हा पातळीवरील स्वरूप भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात स्पष्ट केले आहे.

वैद्यकीय पार्श्वभूमी : इन्शुलिनाचा रुग्णांवरील उपयोग १९२२ मध्ये कॅनडातील टोराँटो येथे सुरू झाला. मात्रा जास्त झाल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरून घाम, कंप, संभ्रम व प्रसंगी बेशुद्धी ही लक्षणे उद्भवतात, हे लवकरच लक्षात आले. तोंडाने घ्यावयाच्या औषधांच्या एका महत्त्वाच्या वर्गाचा उगम तर दुष्परिणामाच्या निरीक्षणातूनच झाला. १९४२ मध्ये फ्रान्समधील माँपेल्ये येथे मार्सेल झांबाँ यांना, विषमज्वरासाठी एक सल्फा औषध दिलेल्या रुग्णांची रक्तशर्करा धोकादायक रीत्या उतरत असल्याचे आढळले. या निरीक्षणातून पुढे टॉल्ब्युटामाइड, ग्लिबेनक्लामाइड इ. सल्फोनिल युरिया औषधे तयार झाली. रक्तशर्करा फाजील उतरणे हा या वर्गाचा प्रमुख धोका असून वृद्ध, अर्धपोटी राहणारे व मूत्रपिंड दुर्बल झालेले रुग्ण यांना तो अधिक संभवतो. बायग्वानाइड या दुसऱ्या वर्गातील फेनफॉर्मीन या औषधाने रक्तात लॅक्टिक अम्ल साचून मृत्यू ओढवू शकतो, असे दिसून आले. याच वर्गातील मेटफॉर्मीन तुलनेने सुरक्षित ठरले, तरी मूत्रपिंडाचे कार्य फार खालावलेल्या रुग्णास ते देणे वर्ज्य मानतात. १९७० मध्ये अमेरिकेतील विद्यापीठांच्या एका संयुक्त अभ्यासातून टॉल्ब्युटामाइड घेणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले. त्यावरून तज्ञांत दीर्घकाळ वाद चालला आणि अखेर १९८४ मध्ये या वर्गातील औषधांच्या माहितीपत्रकात विशेष इशारा छापण्याचे बंधन तेथे घालण्यात आले. शंका निर्माण होणे आणि ती रुग्णापर्यंत पोहोचणे यांत लोटलेली ही १४ वर्षे पुढील अनेक प्रकरणांच्या दृष्टीने बोधप्रद आहेत.

औषधनियंत्रणाचा पाया : ब्रिटिश अमदानीत भारतात भेसळयुक्त व कमअस्सल औषधांचा सुळसुळाट होता. त्याच्या चौकशीसाठी कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली १९३०–३१ मध्ये समिती नेमण्यात आली. अमेरिकेत १९३७ मध्ये डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रावकात विरघळविलेल्या सल्फा औषधाने शंभराहून अधिक माणसे दगावली आणि १९३८ मध्ये तेथे नवा औषधविषयक कायदा झाला. भारतात १९४० मध्ये औषधी अधिनियम संमत झाला. पुढे सौंदर्यप्रसाधनांचाही त्यात अंतर्भाव होऊन तो ‘औषधी द्रव्ये व सौंदर्यप्रसाधने अधिनियम’ म्हणून ओळखला जाऊ लागला. या काळात भंडारा जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत असे आणि त्याचे वरिष्ठ न्यायालय १९३६ मध्ये स्थापन झालेले नागपूरचे उच्च न्यायालय होते. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची अधिकारिता या दोन्ही जिल्ह्यांवर आहे.

या अधिनियमाखालील नियमांत इन्शुलिन व रक्तशर्करा उतरविणारी कृत्रिम औषधे ‘परिशिष्ट जी’ मध्ये घालण्यात आली. वैद्यकीय देखरेखीवाचून हे औषध घेणे धोक्याचे आहे, अशा आशयाची सूचना त्यांच्या वेष्टनावर छापणे आवश्यक ठरले. मधुमेही रुग्णाला कायद्याने दिलेला हा आरंभीचा इशारा होय. तथापि अधिनियमाचा मुख्य रोख औषध ठरलेल्या प्रतीचे आहे किंवा नाही, यावर होता. प्रमाणित प्रतीचे औषध योग्य रीतीने घेऊनही अपाय झाल्यास रुग्णाने काय करावे, याविषयी अधिनियम मूक राहिला. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना मात्र १९५४ च्या औषधी द्रव्ये व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने मनाई केली. त्याच्या अनुसूचीत मधुमेहाचा स्पष्ट उल्लेख आहे. निव्वळ वनस्पतिजन्य म्हणून विकलेल्या चूर्णांत व गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड किंवा मेटफॉर्मीन मिसळल्याचे प्रकार वेळोवेळी उघडकीस आले असून अशा प्रसंगी ही मनाई विशेष महत्त्वाची ठरते.

शुद्धतेच्या हमीतील उणीव महाराष्ट्रात १९८६ मध्ये प्रकर्षाने दिसली. त्या वर्षी जानेवारी–फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले ग्लिसरीन दिले गेल्याने १४ रुग्ण मरण पावले. अमेरिकेतील १९३७ च्या घटनेतील विष हेच होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने रुग्णालयाची खरेदीपद्धती, औषध प्रशासन व पुरवठादार यांच्यावर कठोर ताशेरे ओढले. १९८०–९० या दशकातील दुरुस्त्यांमुळे केवळ निरीक्षकालाच नव्हे, तर अपाय झालेल्या व्यक्तीला व मान्यताप्राप्त ग्राहक संघटनेलाही या अधिनियमाखाली फिर्याद दाखल करण्याचा अधिकार मिळाला. २००८ च्या दुरुस्तीने भेसळयुक्त वा बनावट औषधामुळे मृत्यू अथवा जबर इजा झाल्यास किमान दहा वर्षांपासून आजन्म कारावासापर्यंत शिक्षा व किमान दहा लाख रु. दंड ठरविण्यात आला. वसूल झालेला दंड ते औषध घेतलेल्या व्यक्तीस किंवा तिच्या वारसांस भरपाई म्हणून द्यावयाचा असतो. परंतु ही तरतूद भेसळीपुरती आहे. अस्सल औषधाच्या दुष्परिणामास ती लागू नाही.

बंदीचा मार्ग : १९८२ च्या दुरुस्तीने अधिनियमात कलम २६ अ घालण्यात आले. एखादे औषध माणसांना किंवा जनावरांना धोकादायक आहे, अथवा त्याचा सांगितलेला गुण त्यात नाही, अशी खात्री पटल्यास केंद्र शासनाला लोकहितार्थ त्याचे उत्पादन व विक्री यांवर बंदी घालता येते. मधुमेहाच्या औषधांबाबत या कलमाचा इतिहास उद्‌बोधक आहे. फेनफॉर्मीन अमेरिकेत १९७७ मध्ये ‘तातडीचा धोका’ म्हणून बाजारातून काढून घेण्यात आले. भारतात त्यावर बंदी आली ती २००३ मध्ये, म्हणजे २६ वर्षांनी.

यानंतरचा वाद ‘ग्लिटाझोन’ वर्गातील औषधांचा आहे. ट्रॉग्लिटाझोन हे औषध यकृताच्या घातक विकारांमुळे ब्रिटनमध्ये १९९७ मध्ये व अमेरिकेत २००० मध्ये मागे घेण्यात आले. रोसिग्लिटाझोनामुळे हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका वाढत असल्याचे विश्लेषण २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. सप्टेंबर २०१० मध्ये यूरोपात त्याची विक्री स्थगित झाली व अमेरिकेत तिच्यावर कडक निर्बंध आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात भारताने त्यावर बंदी घातली. नंतरच्या फेरतपासणीत हा धोका प्रथम वाटला तितका निश्चित नसल्याचे ठरून अमेरिकेतील निर्बंध २०१३ पासून शिथिल करण्यात आले. पायोग्लिटाझोन व मूत्राशयाचा कर्करोग यांचा संबंध असल्याच्या संशयावरून फ्रान्सने २०११ मध्ये ते थांबविले. भारत शासनाने १८ जून २०१३ रोजी त्यावर बंदी घातली. औषध स्वस्त असून अनेक रुग्णांना ते उपयोगी पडते, असा आक्षेप मधुमेहतज्ञांनी घेतला. तांत्रिक सल्लागार मंडळाच्या विचारविनिमयानंतर ३१ जुलै २०१३ रोजी बंदी उठविण्यात आली. मात्र हे पहिल्या पसंतीचे औषध म्हणून वापरू नये आणि मूत्राशयाच्या कर्करोगाविषयीचा इशारा माहितीपत्रकात ठळक चौकटीत छापावा, अशा अटी घालण्यात आल्या. १० मार्च २०१६ रोजी ३४४ निश्चित-मात्रा संयुक्त औषधांवर बंदी आली. त्यांत मधुमेहाच्या काही तिहेरी गोळ्याही होत्या. उत्पादकांनी तिला न्यायालयात आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये फेरतपासणीचा आदेश दिल्यावर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ संयुक्त औषधांवर नव्याने बंदी घालण्यात आली.

बंदीच्या मार्गाने पुढील रुग्णांचे संरक्षण होते. ज्याला अपाय होऊन चुकला आहे, त्याच्यासाठी कलम २६ अ मध्ये कोणतीही भरपाई नाही. ही औषधे घेतलेल्या अमेरिकी रुग्णांनी उत्पादकांवर हजारो दावे लावले. पायोग्लिटाझोनाच्या जपानी उत्पादकाने २०१५ मध्ये दोष मान्य न करता सुमारे २४० कोटी डॉलरची तडजोड केली. तेच औषध, तोच संशय आणि तोच इशारा असूनही भारतीय रुग्णाला असा सामूहिक मार्ग सुलभ नव्हता. याचे कारण दोन्ही देशांतील अपकृत्य कायद्याच्या विकासात शोधावे लागते.

अपकृत्य कायदा व वैद्यकीय हयगय : दुसऱ्याच्या चुकीमुळे मृत्यू पावलेल्या व्यक्तीच्या कुटुंबियांना भरपाई मागण्याचा हक्क १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाने दिला होता. परंतु दिवाणी दाव्यास लागणारा काळ व न्यायालयीन शुल्क यांमुळे सामान्य रुग्ण त्या वाटेला सहसा जात नसे. ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ हे महाराष्ट्रातील प्रकरण या दृष्टीने मूलगामी आहे. १९५३ मध्ये अस्थिभंगावरील उपचारांत एका तरुणाचा मृत्यू झाला. त्याच्या वडिलांनी लावलेल्या दाव्याचा अंतिम निवाडा सर्वोच्च न्यायालयात १९६८ मध्ये लागला. मंजूर झालेली भरपाई ३,००० रु. होती. रुग्ण स्वीकारावा की नाही, कोणता उपचार द्यावा आणि तो कसा द्यावा, या तिन्ही बाबतींत वैद्यकाने वाजवी काळजी घेतली पाहिजे, हे तत्त्व या निवाड्याने घालून दिले.

शासकीय रुग्णालयाबाबत राज्याची जबाबदारी ‘अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात निश्चित झाली. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील शासकीय रुग्णालयात १९६३ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात टॉवेल राहून एका स्त्रीचा मृत्यू झाला होता. शासकीय रुग्णालय चालविणे हे सार्वभौम कृत्य नव्हे, त्यामुळे कर्मचाऱ्यांच्या हयगयीबद्दल राज्य भरपाई देण्यास बांधील आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ठरविले. घटनेपासून निवाड्यापर्यंत ३३ वर्षे गेली.

ग्राहक कायदा : १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने जिल्ह्याच्या ठिकाणी स्वस्त व सोप्या न्यायाची सोय केली. वैद्यकीय सेवा या अधिनियमात मोडते किंवा नाही, याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या प्रकरणात दिला. शुल्क घेऊन दिलेली सेवा अधिनियमात मोडते. काहींकडून शुल्क घेणाऱ्या व काहींना मोफत उपचार देणाऱ्या रुग्णालयातील मोफत रुग्णही ग्राहक ठरतो. मात्र जेथे सर्वांवर मोफत उपचार होतात, तेथील सेवा अधिनियमाबाहेर राहते आणि नोंदणीसाठी घेतलेल्या नाममात्र रकमेने त्यात फरक पडत नाही, असा हा निर्णय होता. २०१९ च्या नव्या अधिनियमात ‘सेवा’ या व्याख्येत आरोग्यसेवेचा उल्लेख नसल्याने ती वगळली गेली, असा दावा करण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने तो ऑक्टोबर २०२१ मध्ये फेटाळला व सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो निर्णय कायम केला.

औषधाच्या दुष्परिणामासंबंधी महाराष्ट्रात उद्‌भवलेले महत्त्वाचे प्रकरण म्हणजे ‘मार्टिन डिसूझा विरुद्ध मोहम्मद इशफाक’ (२००९) होय. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णास मुंबईत १९९१ मध्ये जंतुसंसर्गासाठी अमिकासीन हे प्रतिजैविक देण्यात आले. त्यामुळे आपली श्रवणशक्ती गेली, अशी त्याची तक्रार होती. राष्ट्रीय आयोगाने भरपाई दिली, पण सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. जीव वाचविण्यासाठी ते औषध आवश्यक होते, हे न्यायालयाने मान्य केले. हे प्रकरण मधुमेहाचे नसले, तरी त्यातील तत्त्व मधुमेहाच्या औषधांनाही लागू पडते. ज्ञात दुष्परिणाम घडला एवढ्याने हयगय सिद्ध होत नाही. औषध देण्याचा निर्णय, मात्रा, तपासण्या व सूचना यांत उणीव होती, हे रुग्णाने दाखवावे लागते. तक्रारीची नोटीस काढण्यापूर्वी तज्ञांचे मत घ्यावे, असेही या निवाड्यात म्हटले होते. तथापि प्रत्येक प्रकरणात तज्ञमत अनिवार्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘व्ही. किशन राव’ प्रकरणात २०१० मध्ये स्पष्ट केले.

याउलट कोलकात्यातील कुणाल साहा प्रकरणात स्टेरॉइड औषधाच्या अतिरिक्त मात्रेबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सहा कोटी रुपयांहून अधिक भरपाई मंजूर केली. होमिओपॅथीच्या पदवीधराने आधुनिक औषधे देणे ही स्वयंसिद्ध हयगय होय, असे मुंबईतील ‘पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल’ या प्रकरणात १९९६ मध्ये ठरले. महाराष्ट्रात आयुर्वेद व होमिओपॅथी यांच्या पदवीधरांसाठी राज्याने पुढे काही स्वतंत्र तरतुदी केल्या आहेत. त्यामुळे औषध लिहून देणाऱ्याची नोंदणी व परवानगी आजही प्रत्येक प्रकरणी तपासावी लागते.

उत्पादनदायित्व : उत्पादकाविरुद्धचा रुग्णाचा हक्क स्वतंत्र प्रकरणाच्या रूपाने प्रथम २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात आला. तो जुलै २०२० मध्ये अंमलात आला. सदोष निर्मिती, सदोष रचना, विनिर्देशांपासून च्युती, दिलेल्या हमीचा भंग अथवा अपुऱ्या सूचना व इशारे यांमुळे अपाय झाल्यास उत्पादक त्यास जबाबदार ठरतो. अपाय या संज्ञेत इजा, आजार व मृत्यू यांचा समावेश होतो.

या प्रकरणातच उत्पादकाच्या बचावाचीही तरतूद आहे. एखादी वस्तू कायद्याने तज्ञाच्या देखरेखीखालीच वापरावयाची असेल आणि उत्पादकाने त्या तज्ञाला वाजवी मार्गांनी इशारा दिला असेल, तर अपुऱ्या इशाऱ्याबद्दल उत्पादक जबाबदार राहत नाही. मधुमेहाची बहुतेक औषधे वैद्यकाच्या चिठ्ठीवरच द्यावयाची असल्यामुळे हा अपवाद त्यांना नेमका लागू पडतो. इशारा वैद्यकापर्यंत पोहोचला की उत्पादकाचे कर्तव्य संपते आणि तो रुग्णास सांगण्याची जबाबदारी वैद्यकावर येते. उत्पादकाने इशारा दिलाच नाही की वैद्यकाने तो सांगितला नाही, हे ठरविल्याखेरीज योग्य प्रतिपक्ष निवडता येत नाही. म्हणून अशा तक्रारीत उत्पादक, विक्रेता व वैद्यक या सर्वांना प्रतिपक्ष करण्याकडे कल असतो.

भंडारा जिल्ह्यातील स्थिती : भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी या सात तालुक्यांचा हा जिल्हा भातशेतीप्रधान आहे. मधुमेह, कर्करोग, हृद्‌रोग व पक्षाघात यांच्या प्रतिबंधासाठी २०१० मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय कार्यक्रम प्रारंभीच्या टप्प्यात महाराष्ट्रातील ज्या जिल्ह्यांत राबविण्यात आला, त्यांत भंडाऱ्याचा समावेश होता. त्यामुळे येथील अनेक मधुमेही रुग्णांना औषधे शासकीय रुग्णालयांतून मिळतात, तर इतर रुग्ण ती खाजगी दुकानांतून घेतात. कायद्याच्या दृष्टीने या दोहोंत मोठा फरक पडतो.

दुकानातून औषध विकत घेणारा रुग्ण निर्विवादपणे ग्राहक असतो. १९८६ च्या अधिनियमाप्रमाणे तक्रार सामान्यतः प्रतिपक्षाच्या ठिकाणी अथवा तक्रारीचे कारण घडले तेथे करावी लागे. २०१९ च्या अधिनियमाने ती तक्रारदाराच्या निवासाच्या ठिकाणीही करण्याची मुभा दिली. त्यामुळे लाखांदूरच्या रुग्णास दूरच्या उत्पादकाविरुद्ध भंडारा येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. आयोगाची अधिकारिता मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर मोजलेल्या किंमतीवर ठरते. ती मर्यादा जिल्हा आयोगासाठी ५० लाख रु. असल्याने औषधाची बहुतेक प्रकरणे तेथेच चालतात. मोजलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क द्यावे लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावयाची असून, सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो. त्यावरील अपील राज्य आयोगाकडे करता येते व त्याचे खंडपीठ नागपूर येथे आहे.

शासकीय रुग्णालयातील रुग्णाची स्थिती निराळी आहे. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार सर्वांना निःशुल्क केले. गरीब रुग्णाचा खर्च वाचला, परंतु व्ही. पी. शांता निर्णयानुसार संपूर्ण मोफत सेवेबद्दल ग्राहक आयोगाकडे दाद मागता येत नाही. त्याला शासनाविरुद्ध, पूर्वसूचना देऊन, दिवाणी दावा करावा लागतो किंवा मूलभूत हक्काच्या भंगाबद्दल नागपूर खंडपीठाकडे रिट अर्ज करावा लागतो. शासनाने विकत घेतलेल्या औषधाचा ‘वापरकर्ता’ या नात्याने उत्पादकाविरुद्ध ग्राहक म्हणून उभे राहता येईल, असा युक्तिवाद शक्य आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती व जमाती, तसेच अल्प उत्पन्नाच्या व्यक्ती यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली जिल्हा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

हक्काची भरपाई आणि सानुग्रह मदत यांत भेद आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अर्भक कक्षास लागलेल्या आगीत दहा बालके मरण पावली, तेव्हा राज्य शासनाने प्रत्येक कुटुंबास पाच लाख रु. मदत जाहीर केली. ही घटना औषधाशी संबंधित नव्हती. परंतु सानुग्रह मदतीची रक्कम शासन स्वेच्छेने ठरविते, तर भरपाईची रक्कम न्यायालय नुकसानीच्या प्रमाणात ठरविते, हा फरक तिच्यावरून समजतो. एकट्यादुकट्या रुग्णास गोळीने अपाय झाला, तर सानुग्रह मदतीचा प्रश्नही सहसा उद्‌भवत नाही आणि कागदोपत्री पुरावा हाच त्याचा आधार राहतो.

पुरावा : औषध व अपाय यांचा संबंध दाखविण्यासाठी वैद्यक काही कसोट्या लावतात. अपाय औषध सुरू केल्यानंतर झाला काय, औषध थांबविल्यावर तो ओसरला काय, त्याची दुसरी कारणे संभवतात काय आणि तसा परिणाम पूर्वी नोंदला गेला आहे काय, या त्या कसोट्या होत. दिवाणी व ग्राहक प्रकरणांत संभाव्यतेचे पारडे एका बाजूस झुकणे पुरेसे असते. वैद्यकाची चिठ्ठी, उत्पादकाचे नाव व गटक्रमांक असलेली पावती, उरलेल्या गोळ्या वेष्टनासह आणि औषधापूर्वीचे व नंतरचे रक्तशर्करेचे व मूत्रपिंडकार्याचे अहवाल हे निर्णायक पुरावे ठरतात. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागणी केल्यास वैद्यकाने ७२ तासांत कागदपत्रे द्यावयाची असतात. शासकीय प्रयोगशाळेत औषध तपासून घेण्याचा हक्क खरेदीदारास १९४० च्या अधिनियमानेच दिला आहे. दुष्परिणामांच्या नोंदीसाठी २०१० मध्ये राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम सुरू झाला असून रुग्णालाही त्यात नोंद करता येते. या नोंदीने भरपाई मिळत नाही, पण पुढील इशाऱ्यांना व बंदीला तिचा आधार मिळतो.

फौजदारी व शिस्तभंगाचे उपाय : हयगयीमुळे मृत्यू झाल्यास भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४ अ खाली खटला होत असे. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने घेतली. वैद्यकास शिक्षा होण्यासाठी हयगय ढोबळ स्वरूपाची असावी लागते व फिर्यादीस दुसऱ्या वैद्यकाच्या मताचा आधार असावा, असे ‘जेकब मॅथ्यू’ प्रकरणात २००५ मध्ये ठरले आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केल्यास वैद्यकाची नोंदणी स्थगित होऊ शकते. भरपाई देण्याचा अधिकार मात्र परिषदेस नाही.

मूल्यमापन : वरील बहुतेक सर्व उपाय कोणाची तरी चूक सिद्ध होण्यावर अवलंबून आहेत. वैद्यकाने काळजी घेतली, उत्पादकाने इशारा दिला आणि औषध प्रमाणित प्रतीचे होते, तरीही अपाय झाला, तर भारतातील रुग्णास भरपाईचा मार्ग उरत नाही. अन्य काही देशांनी ही उणीव पूर्वीच भरून काढली. पश्चिम जर्मनीने थॅलिडोमाइड औषधाच्या दुर्घटनेनंतर १९७६ च्या कायद्याने औषध उत्पादकांवर दोषनिरपेक्ष दायित्व लादले. जपानने १९८० पासून उत्पादकांच्या वर्गणीतून दुष्परिणामग्रस्तांसाठी साहाय्यनिधी सुरू केला. खुद्द भारतातही औषधाच्या चिकित्सालयीन चाचणीत सहभागी झालेल्या व्यक्तीस त्या चाचणीमुळे इजा झाली, तर २०१३ च्या व नंतर २०१९ च्या नियमांनुसार कोणाची चूक न दाखविता भरपाई मिळते. तेच औषध मान्यता मिळाल्यावर बाजारातून घेणाऱ्या व्यक्तीस हा हक्क नाही. चाचणीतील रुग्ण आणि दुकानापुढील रुग्ण यांतील ही तफावत दूर होईपर्यंत दुष्परिणामाचा भार, १९४० प्रमाणेच, मुख्यतः रुग्ण व त्याचे कुटुंब यांच्यावरच राहणार आहे.